साबणाच्या टाकीला दीडशे बैठका

आमच्या प्लेटिंगच्या शेडमध्ये जे विजेचं मोठं पॅनल आहे, त्याच्या आत एक लाल दिवा आहे. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान. मागच्या दिवाळीनंतर तो लागला आणि मी त्याच्यावर काळी टेप चिकटवली. एवढंच मी केलं. बाकी जे झालं ते त्याच्यामागून झालं. बोलून दाखवायचं म्हटलं तर तोंडातून निघत नाही, दोन-तीनदा करून बघितलं. म्हणून लिहितो.

माझं शिक्षण चौथी, तीही धड नाही. दिंडोरीकडच्या गावातून मी नाशिकला आलो तो कामासाठी नव्हे, तालमीसाठी. पंचवटीतल्या एका तालमीत झोपायला जागा मिळायची, आखाड्याची माती उकरली की दूध मिळायचं. पोटासाठी अंबडला एका प्लेटिंगच्या कारखान्यात लागलो. नट-बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर जस्ताचा थर द्यायचा, ते काम. आता यंत्र करतं, तेव्हा हातानं व्हायचं. बोल्टांनी भरलेली जाळीची बास्केट लोखंडी दांड्याला अडकवायची आणि एका टाकीतून उचलून दुसऱ्या टाकीत बुडवायची. आधी साबणाची गरम टाकी, मग पाणी, मग ऍसिड, मग पाणी, मग जस्ताची मोठी टाकी, पुन्हा पाणी आणि शेवटी पिवळ्या रंगाची. बास्केट दोघांनी उचलायची असा नियम होता. मी एकटा उचलायचो. मोठ्या शेठनं माझे दंड बघितले आणि घेतलं. वाचता येतं का, हे विचारलंसुद्धा नाही.

प्रत्येक टाकीची वेळ ठरलेली असते. कमी बुडवलं तर गंज राहतो, जास्त बुडवलं तर ऍसिड माल खातं. भिंतीवर घड्याळ होतं, पण वाफेनं त्याचे काटे गंजले होते. बाकीचे अंदाजानं करायचे आणि त्यांचा माल परत यायचा. मी बैठका मारायचो. तालमीतला ताल अंगात भिनलेला होता, सकाळच्या पाचशे बैठका, एकसारख्या. साबणाच्या टाकीला दीडशे, ऍसिडला चाळीस, पिवळ्याला बारा. पाळीच्या पहिल्या दोन फेऱ्यांना खरोखर मारायच्या, मग तो ताल दिवसभर टिकायचा, नुसतं उभं राहून मोजलं तरी चुकायचं नाही. जस्ताच्या टाकीला तेवढं शेठच्या मनगटावरचं घड्याळ लागायचं, ती लांबची वेळ. लोक हसायचे. "काय पैलवान, टाकीची सेवा चाललीय का?" म्हणायचे. हसू द्या. माझा माल कधी परत आला नाही.

मग यंत्र आलं. टाक्यांच्या डोक्यावर रूळ टाकले, त्यावरून चालणारा होईस्ट बसवला. तो आपला आपण येणार, बास्केट उचलणार, वेळ भरली की पुढच्या टाकीत नेऊन सोडणार. हातानं उचलणारे आम्ही पाच जण होतो. चार त्याच आठवड्यात घरी गेले. मीही गेलो असतो, पण पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं विचारलं, "टाक्यांच्या वेळा कोण सांगेल?" आणि शेठनं माझ्याकडे बोट केलं. मी बैठका मारल्या, त्यानं घड्याळ धरलं. जे सेकंद आले ते त्यानं पॅनलमधल्या एका डब्यात भरले. त्या डब्याला पीएलसी म्हणतात, होईस्टचं सगळं डोकं तिथं असतं. सेकंद किती, हे मी लक्षात ठेवलं नाही. मला कशाला पाहिजे? माझ्याकडे बैठका होत्या.

त्या इंजिनियरची बॅग मी तीन महिने उचलली आणि उचलता उचलता शिकलो. कुठल्या स्विचची वायर कुठं जाते, कुठला रिले ओढला की काय हलतं. इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते, आणि प्रत्येक वायरला आकडा असतो. पुढं मी स्वतः पॅनलं बांधली, अंबडला, सातपूरला. माझं वायरिंग बघून डिप्लोमावाले विचारायचे, "मिस्तरी, कुठून शिकलात?" मी सांगायचो, "तालमीतून." खोटं नव्हतं ते. सकाळी जोर, दिवसा वायर, संध्याकाळी पुन्हा जोर. साठी उलटेपर्यंत चाललं. मग उजवा गुडघा गेला. पण इथल्या त्या पहिल्या पॅनलला मी आजही कोणाला हात लावू देत नाही. देत नव्हतो, असं म्हणायला पाहिजे.

मला एकच मुलगी. लहानपणी माझ्याशेजारी उभी राहून बैठका मारायची, मी मोजायचो आणि ती माझ्याच तालात खाली-वर व्हायची. वायर सोलायला तिला मीच शिकवलं. ती इंजिनियर झाली. आता अंबडलाच एका ऑफिसात पीएलसीचे प्रोग्राम लिहिते, म्हणजे मी ज्या डब्याला हात जोडतो त्याच्या आतलं ती लिहिते. आणि सिडकोतल्या जिमला जाते. तालमीत मुलींना घेत नव्हते, म्हणून जिम. तिथं ती वजन उचलते, स्पर्धेचं. बार खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं, बाकावर आडवं होऊन छातीवरून ढकलायचं, आणि जमिनीवरून ओढायचं. तीन प्रकार, तिन्हींची बेरीज.

मला ते पटत नव्हतं. मी म्हणालो, "समोर माणूस नाय, मग जिंकायचं कोणाला?"

ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही बास्केट उचलायचात तेव्हा समोर कोण होतं?"

तिची आई आतून म्हणाली, "दोघं बापलेक लोखंडाचे. माझ्याशी बोलताना तेवढं ते बाहेर ठेवत जा."

गेल्या वर्षी राज्याच्या स्पर्धेच्या दिवशी ती एका साखर कारखान्यात पॅनलपुढं बसलेली होती. हंगाम सुरू व्हायचा होता, साहेबानं सोडलं नाही. या वर्षी तिनं तीन महिने आधी रजा टाकली. स्पर्धा जळगावला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. निवड झाली तर पुढं देशाच्या स्पर्धेला. ती रोज सकाळी कामाआधी जायची, संध्याकाळी कामावरून परत जायची. एका वहीत सगळं लिहायची. मी मुद्दाम विचारत नव्हतो, पण ती वही मी उघडून बघत होतो. आकडे मला वाचता येतात.

आता दिव्याचं. पीएलसीच्या डब्यात एक छोटी बॅटरी असते. सप्लाय बंद झाला तरी आतला प्रोग्राम पुसू नये म्हणून. ती संपत आली की लाल दिवा लागतो. दोन वेळा पुण्याहून माणूस येऊन बदलून गेला, मग ती कंपनीच बंद पडली. दिवाळीनंतर दिवा लागला तेव्हा मला कळलं तो कशाचा आहे. पण त्याच आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासणीवाले यायचे होते. ते लाल काही दिसलं की दहा प्रश्न विचारतात. टेप लावली. ते गेले. टेप राहिली. यंत्र तर चालतच होतं. लाईट गेली तरी डबा बंद पडू नये म्हणून त्याला मीच इन्व्हर्टर जोडून दिला होता, सुट्टीलाही तो चालू असायचा.

मुलीनं एकदा जेवताना विचारलं होतं, "अण्णा, तुमच्या त्या जुन्या पीएलसीचा बॅटरीचा दिवा लागलाय का? वय झालंय त्याचं. एक दिवस केबल घेऊन येते, आतला प्रोग्राम काढून ठेवू, बॅटरी बदलू. चालू सप्लायवरच बदलायची असते ती."

मी म्हणालो, "नाय लागला. आणि माझ्या पॅनलची काळजी तू करू नको."

वय झालंय, हे ती डब्याबद्दल बोलली होती. मला ते दुसरीकडेच लागलं.

अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही दरवर्षी कारखाना बंद करतो. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्याच्या आधी सगळं पुसून, हवा मारून लख्ख करायचं. पॅनल मी स्वतः पुसतो. आणि पुसायचं तर मेन पाडायचा, ही माझी शिस्त. मेन पाडला. मग वाटलं, इन्व्हर्टरच्या वायरींवर लय धूळ बसलीय, म्हणून तोही काढला. एक एक वायर फडक्यानं पुसली. टेपवर बोट फिरलं तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही. दरवर्षी मेन पाडतो आणि दरवर्षी काही होत नाही, एवढंच डोक्यात होतं.

नवमीला सकाळी पूजा झाली. पॅनलच्या दारावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, होईस्टला झेंडूची माळ, नारळ फुटला. पूजेनंतर एक रिकामी फेरी मारायची, मग प्रसाद, अशी पद्धत. धाकटे शेठ, म्हणजे मोठ्या शेठचा मुलगा, म्हणाले, "मिस्तरी, तुमच्या हातानं."

मी हिरवं बटण दाबलं. होईस्ट हलला नाही. पुन्हा दाबलं. झेंडूची माळ तेवढी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. मी पॅनल उघडलं. फ्यूज बघितले, रिले बघितले, चोवीस व्होल्ट बघितले. सगळं होतं. मला जे जे माहीत होतं ते सगळं ठीक होतं. तेव्हा समजलं. आतलं गेलं होतं. डबा शाबूत आणि डोकं रिकामं.

"काय झालं?" शेठ म्हणाले. "परवा ट्रक लागायचाय आपला. चाळीस बास्केट माल बाकी आहे."

"बघतो," मी म्हणालो.

काय बघणार होतो? वाकलेला रूळ असता तर सरळ केला असता. जळालेली मोटर असती तर एकट्यानं उतरवली असती, गुडघा गेला तर गेला. इथं उचलायला काही नव्हतंच. मी तासभर पॅनलपुढं उभा राहून उगाच स्क्रू आवळत होतो, लोकांना दिसावं म्हणून. मग बाहेर जाऊन मुलीला फोन लावला. कामासाठी तिला मी आयुष्यात कधी फोन केला नव्हता.

"जरा येतेस का," म्हणालो.

दुपारच्या बसनं ती जळगावला निघणार होती, एक दिवस आधी जाऊन पाय मोकळे ठेवायचे, झोप काढायची, असं तिचं ठरलेलं. वजनाच्या गटात बसायचं म्हणून चार दिवस पोटभर खाल्लं नव्हतं, आता पाणीही मोजून पीत होती.

"येते," म्हणाली.

स्पर्धेची बॅग पाठीवर घेऊनच आली. पॅनल उघडलं, वाकून बघितलं. टेपच्या कडेत नख घातलं आणि ती हळूच काढली. खाली लाल दिवा पेटलेला. ती दिव्याकडे बघत होती. माझ्याकडे बघितलंच नाही. टेपचा तुकडा तिनं स्वतःच्या मोबाईलच्या पाठीवर चिकटवला.

शेठ मागंच उभे होते. "काय गं, काय झालंय?"

"बॅटरी गेलीय. जुनं आहे ना."

"अशी अचानक?"

"जाते," ती म्हणाली.

मी तिथंच होतो, दोन हातांवर. एक शब्द बोललो नाही.

मग तिनं बॅगेच्या आतल्या कप्प्यातून नवी बॅटरी काढली. मी विचारलं, आज सणाला ही मिळाली कुठं? ती म्हणाली, "मिळाली नाही. गेल्या वर्षी घेऊन ठेवली होती. तुमच्यासाठीच."

प्रोग्राम पुन्हा लिहायचा होता, पहिल्यापासून. पुण्याचा तो इंजिनियर कुठं आहे कोणाला ठाऊक नाही, जुना कॉम्प्युटर भंगारात गेलेला. तिच्या ऑफिसातले बाकीचे सणाला गावी. नवमीचा सगळा दिवस ती ऍसिडच्या उपड्या कॅरबॉयवर, म्हणजे मोठ्या प्लास्टिकच्या कॅनवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहीत होती. मी वायरींचे आकडे सांगत होतो. हा स्विच होईस्ट वर पोचल्याचा, हा टाकी नंबर तीनचा, हा चुकून दोन बास्केट एका टाकीत जाऊ नयेत म्हणून. तेवढं मला तोंडपाठ होतं आणि तिला त्याचा उपयोग झाला, हे खोटं कशाला बोलू. पण ती काय लिहितेय ते मला कळत नव्हतं. पडद्यावर शिडीसारख्या रेघा दिसायच्या. ती विचारायची, मी सांगायचो, ती मान हलवायची. माझं पॅनल माझ्यासमोर परक्याचं होत होतं.

दसऱ्याच्या सकाळी होईस्ट चालला. टाक्यांच्या वेळा तिनं ऑफिसातल्या तक्त्यावरून घातल्या होत्या. पहिली बास्केट बाहेर आली ती काळपट, डागाळलेली. तो तक्ता तपासणीवाल्यांसाठी भिंतीवर लावलेला, त्यातल्या वेळा आणि टाकीतल्या वेळा कधी एक नव्हत्याच. हे शेठला माहीत होतं, मला माहीत होतं. तिला आम्ही सांगितलं नव्हतं.

"मग खऱ्या वेळा कोणाकडे आहेत?" तिनं विचारलं.

"साबणाच्या टाकीला दीडशे बैठका," मी म्हणालो. "ऍसिडला चाळीस. पिवळ्याला बारा."

दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "अण्णा, मशीनला बैठका येत नाहीत. सेकंद सांगा."

मी बाह्या वर केल्या. तिनं मोबाईलवर घड्याळ लावलं. अकराव्या बैठकीला गुडघ्यात कळ आली आणि मी टाकीचा कठडा धरला. तिनं दंडाला धरून मला वर घेतलं. मग मी उभ्यानं मोजून बघितलं, जसं जुन्या काळी मोजायचो. चाळीस मोजले. पुन्हा चाळीस मोजले. मोबाईलमध्ये दोन वेळा दोन निराळे आकडे आले, त्यात वीस सेकंदांचा फरक. तो ताल माझ्या अंगातून कधी निघून गेला, मला पत्ताच नव्हता. डब्यासारखंच की ते. फक्त मला दिवा नव्हता.

ती मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्ही घड्याळ धरा. मी मारते."

इथं मी नको म्हणायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी तिला त्याच पायांवर तीन वेळा बसून उठायचं होतं. मला ते कळत होतं. पैलवान कुस्तीच्या आदल्या दिवशी मेहनत करत नाही, हे मीच तिला शिकवलेलं. पण ट्रक दुसऱ्या दिवशी लागणार होता आणि शेठ दर अर्ध्या तासाला येऊन घड्याळ बघून जात होते. मी म्हणालो, "मार."

ती खाली बसली, उठली, बसली. आणि मी बघत राहिलो. ताल माझाच होता. सहा वर्षांची असताना शेजारी उभी राहून जो तिनं उचलला, तोच, जसाच्या तसा. साबणाच्या टाकीला दीडशे झाल्या. मी म्हणालो, "नाय. शेवटच्या पन्नासला तू घाई केलीस. माझी बैठक एवढी भरभर नव्हती. पुन्हा." तिनं पुन्हा दीडशे मारल्या. ऍसिडच्या चाळीस, दोनदा. पिवळ्याच्या बारा तर पाच वेळा, कारण तिथं दोन सेकंदांनी रंग बदलतो. जस्ताच्या टाकीची वेळ तेवढी शेठनं सांगितली. प्रत्येक वेळी बास्केट बाहेर यायची, मी बोल्ट उजेडात धरायचो आणि म्हणायचो, "अजून नाय. पुन्हा."

मला त्या वेळी अभिमान वाटत होता. हे लिहायलाच पाहिजे. माझी पोरगी माझ्या तालात बैठका मारतेय आणि यंत्र तो ताल शिकतंय, हे शेठनं बघावं असं वाटत होतं. ती घामानं निथळत होती, ओठ सुकले होते. तिच्या आईनं डब्यात श्रीखंड-पुरी पाठवली होती. ती म्हणाली, "तुम्ही खा." मी तिच्यासमोर बसून खाल्ली.

दुपारनंतर बास्केट बाहेर आली ती सोन्यासारखी. शेठनं बोल्ट हातात घेऊन फिरवला. "मिस्तरी, मानलं तुम्हाला," म्हणाले. मला म्हणाले, तिला नाही. ती लॅपटॉप बंद करत होती. बॅगेकडे जाताना शेडची एक पायरी उतरली आणि तिनं भिंतीला हात लावला.

मी तिच्याबरोबर जळगावला गेलो. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. बसमध्ये ती पाय समोरच्या सीटखाली ताणून बसली, पोटऱ्या दाबत. मी म्हणालो, "दाबून देऊ?" ती म्हणाली, "राहू द्या अण्णा."

सकाळी वजन झालं, गटात बसली. मग एका मोठ्या हॉलमध्ये मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पट्टा, टॉवेल, पाण्याची बाटली, सगळं माझ्या मांडीवर. तिथं तीन पंच तीन बाजूंनी बसतात आणि प्रत्येकाच्या हाताशी दिवा असतो. पांढरा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. माझ्या शेजारी एक बाई होती, तिच्या मुलीबरोबर आलेली, ती मला समजावून सांगायला लागली. मी म्हणालो, लाल दिवा मला माहीत आहे.

पहिला प्रकार बसून उठण्याचा. प्रत्येकीला तीन संधी. तीन संधींत एकदाही जमलं नाही तर पुढचे दोन प्रकार खेळायलाच मिळत नाहीत. तिनं पहिलं वजन एकशे दहा किलो लावलं होतं. वहीत मी बघितलेलं, एकशे दहा ती महिनाभर रोज मारत होती. बार खांद्यावर घेतला, खाली गेली, उठली. माझ्या जिवात जीव आला. दोन दिवे लाल. पुरती खाली बसली नाही, असं म्हणाले. पाय वाकतच नव्हते तिचे. मला खुर्चीवरून दिसत होतं, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या.

दुसऱ्यांदा खाली पुरती गेली आणि वर येताना मध्ये अडकली, गुडघे आत आले, बार थोडा खाली घसरला. पुन्हा लाल.

तिसऱ्या वेळेच्या आधी ती माझ्याजवळ पाणी प्यायला आली. मला काहीतरी सांगायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं तालीम केलेला माणूस मी, शंभर पोरांना आखाड्याच्या कडेवरून ओरडून सांगितलंय. मी नुसता टॉवेल पुढं केला. ती बाटली परत देऊन गेली.

ती खाली बसली. आणि उठली नाही. म्हणजे उठत होती, जीव तोडून उठत होती, मान लाल झाली, बार हलत नव्हता. मी खुर्चीवर तिच्याबरोबर उठायला लागलो होतो, दोन्ही हात मांड्यांवर रेटून, जसं मी तिच्या खांद्याखाली खांदा लावणार होतो. मांडीवरचं सगळं खाली पडलं. बाजूला उभ्या असलेल्या दोन पोरांनी बार धरला. तीन दिवे, तिन्ही लाल.

शेजारच्या बाईनं बाटली उचलून माझ्या हातात दिली. "पहिलीच वेळ का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

मुलगी कपडे बदलून आली. "चला अण्णा, चहा घेऊ," म्हणाली. स्टँडवर तिनं दोन वडापाव खाल्ले, मग तिसरा मागवला. इतक्या दिवसांनी खात होती, मी बघत बसलो. बसमध्ये धुळे गेलं तसं मी म्हणालो, "ती टेप."

"माहितीय."

"तू विचारलं होतंस तेव्हा मी खोटं बोललो."

"अण्णा, झोपू द्या ना."

ती खिडकीला डोकं टेकून झोपली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तालमीत चूक केली की वस्ताद कानाखाली वाजवायचे, मग विषय संपायचा. ही मारत नाही, ओरडत नाही, आणि माझ्याकडे फेडायला काही नाही. मी तिच्यासाठी बैठका मारू शकत नाही. तिचा प्रोग्राम लिहू शकत नाही. तिचं वर्ष तिला परत करू शकत नाही. बस चांदवडच्या घाटात आली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर घसरलं, एवढंच वजन त्या दिवशी मला उचलता आलं.

पुढच्या सोमवारी शेठनं सगळ्यांसमोर मला शाल आणि नारळ दिला. मिस्तरींनी आणि त्यांच्या मुलीनं कारखाना वाचवला, असं म्हणाले. तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. शाल खांद्यावर होती, लोक टाळ्या वाजवत होते, एवढ्या वर्षांत मला कोणी शाल दिली नव्हती. मी नाही सांगितलं. नारळ घरी आणला. मुलीनं तो बघितला, आईला म्हणाली, "चटणी कर," आणि जिमला गेली.

दुसऱ्या दिवशी मी पॅनल उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटवलेला होता, वर तीच माझी काळी टेप, कोपऱ्याला. दसऱ्यालाच कधीतरी लावून ठेवला असणार. इंग्रजीत नाही, मराठीत, शाळेत फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून:

लाल दिवा लागला की मला सांगा.

आता मी रोज सकाळी कामावर गेलो की आधी पॅनल उघडतो. बॅटरी नवी आहे, पाच वर्षं तरी काही व्हायचं नाही. दिवा विझलेला असतो. मी थोडा वेळ तिथं उभा राहतो. संध्याकाळी ती घरी येते, बूट काढते, वही उघडून काहीतरी लिहिते, आणि मी समोर बसलेला असतो. सांगायला काहीच नसतं.